न मानवणारे अन्न आणि मुलांचा स्वभाव

भोजनाविषयी बोलताना आपली मराठी भाषा फार काटेकोर होते. एखादा पदार्थ आपल्याला 'आवडत' नाही, एखादा 'पचत' नाही, एखादा 'सोसत' नाही, एखादा 'बाधतो', आणि एखादा नुसताच 'मानवत' नाही. या पाच क्रियापदांचे अर्थ एकमेकांत मिसळू न देता घरातील वडीलधारी मंडळी ती योग्य ठिकाणी योजतात. आजोबांना हरभऱ्याची डाळ बाधते, मामींना वांगे सोसत नाही, काकांना रात्रीचे दूध मानवत नाही. आणि या तक्रारींचा मान राखून स्वयंपाकघर निमूटपणे आपली व्यवस्था बदलते. आपल्या जुन्या वैद्यकाने तर 'सात्म्य' आणि 'असात्म्य' असे दोन शब्दच यासाठी घडवून ठेवले आहेत. जे एकाला सात्म्य ते दुसऱ्याला असात्म्य असू शकते, ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही.

परंतु श्रोतेहो, हा सारा मान आपण मोठ्या माणसांच्या पोटाला देतो. चार-पाच वर्षांचे मूल पोळी दूर लोटते, दुधाचा पेला पाहून रडू लागते, जेवण झाल्यावर तासाभराने विनाकारण चिडते, शाळेतून आल्यावर कोपऱ्यात जाऊन बसते, तेव्हा ही पाचही क्रियापदे आपण विसरतो. मग ते मूल हट्टी ठरते, किरकिरे ठरते, लाडावलेले ठरते. फार झाले तर त्याची दृष्ट काढली जाते, किंवा जंताचे औषध आणले जाते. मुलाच्या वागण्यामागे त्याच्या पोटाची काही तक्रार असू शकेल काय, आणि असली तर ती ओळखावी कशी व ओळखल्यावर घर चालवावे कसे, या प्रश्नाचा आज आपण थोडा शांतपणे विचार करू.

प्रारंभीच एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. या विषयात दोन टोकांच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे दुखणाऱ्या मुलाला खोडकर ठरवून शिक्षा करणे. दुसरी चूक म्हणजे मुलाच्या प्रत्येक खोडीचा दोष कोणत्या ना कोणत्या पदार्थावर टाकणे, आणि आज गहू, उद्या दूध, परवा फळे असे करीत त्याचे पान रिकामे करून ठेवणे. पहिल्या चुकीने मुलाचे मन दुखावते, दुसरीने त्याचे शरीर खंगते. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे पारख करून पाहण्याचा मार्ग होय, आणि तो मार्ग घरातल्या घरात पुष्कळसा चालता येतो.

लहान मुलाचे पोट आणि त्याचा स्वभाव यांचा संबंध समजण्यास अवघड नाही. मोठ्या माणसास कळ कोठे आली, केव्हा आली, काय खाल्ल्यावर आली, हे सांगता येते. लहान मूल मात्र कोठेही दुखले तरी बेंबीवर हात ठेवते. त्यातून एखादा पदार्थ त्याला जन्मापासून न मानवणारा असेल तर गोष्ट आणखी कठीण होते. कारण पोट फुगणे, कळा येणे, थकवा वाटणे हीच त्या मुलाची नित्याची अवस्था असते. पोट दुखत नाही तेव्हा कसे वाटते हे ज्याने अनुभवलेच नाही, ते मूल तक्रार तरी कशाची करणार? ते तक्रार करीत नाही. ते रडते, चिडते, धाकट्या भावंडाला ढकलते, किंवा खेळ सोडून आईच्या पदराला चिकटून बसते.

आता 'न मानवणे' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, त्या वेगळ्या करून पाहू. पहिली ॲलर्जी. शरीराचे संरक्षक दल एखाद्या निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. पुष्कळदा काही मिनिटांत, नाही तर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, क्वचित श्वासही कोंडतो. यात पदार्थाचा कणसुद्धा धोक्याचा ठरू शकतो, आणि ओठ सुजणे किंवा धाप लागणे असा प्रकार एकदा जरी घडला असेल तर घरी कोणताही प्रयोग न करता मुलाला थेट डॉक्टरांकडे नेले पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे पचनाची असमर्थता. अन्न पचविणारा एखादा पाचक रस कमी पडतो. थोडे खाल्ले तर निभते, अधिक खाल्ले तर त्रास होतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गव्हामुळे होणारा सीलिअक नावाचा आतड्याचा रोग. यात शरीर गव्हाच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्याला जखम करते.

या तिसऱ्या रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातील सॅम्युएल गी या वैद्याने १८८८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले. हातपाय काड्यांसारखे, पोट फुगलेले, जुलाब थांबत नाहीत, आणि वाढ खुंटलेली, अशी ती मुले असत. या रोगास उपाय असलाच तर तो आहारातच सापडेल, असे गी यांनी त्याच वेळी ओळखले होते. परंतु आहारातील नेमका कोणता पदार्थ दोषी, हे त्यांना उमगले नाही. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज हॉलंडमधील शिंपल्यांचे मांस दिले जाई. गोव्याकडे ज्यांना शिनाण्यो म्हणतात, त्याच जातीचे ते शिंपले. त्या आहारावर मूल आश्चर्यकारक रीतीने सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावले. आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावण्यासच नकार दिला. गुण कदाचित शिंपल्यांचा नसून, शिंपल्यांनी पोट भरल्यामुळे जे खाल्ले जात नव्हते त्याचा असेल, ही शंका आज आपल्याला सहज सुचते. तेव्हा ती सुचण्यास पुढे अर्धे शतक लागले.

हॉलंडमध्ये हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० नंतरच्या दशकात संशय आला की या मुलांचा वैरी म्हणजे गहू. त्यांनी काही मुलांना गव्हावाचून ठेवून पाहण्यास आरंभ केला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडवर भीषण उपासमार ओढवली. पाव मिळेनासा झाला, माणसे कंदमुळांवर जगू लागली. सारा देश खंगत असता ही रोगी मुले मात्र सुधारली. आणि पाव परत आल्यावर त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांनी हे सारे पद्धतशीर अभ्यासून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. ते व त्यांचे सहकारी यांच्या कामातून सिद्ध झाले की गव्हातील ग्लूटेन हा चिकट प्रथिनांश या रोगास कारण होतो. कणकेला जो ताण असतो, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि पाव फुगतो, तोच हा पदार्थ. या मुलांच्या लहान आतड्यात मखमलीच्या धाग्यांसारखे जे असंख्य बारीक अंकुर असतात, ते ग्लूटेनच्या निमित्ताने झडून सपाट होतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

आता स्वभावाचा मुद्दा. जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाचे औषध देऊनही न हटणारा पांडुरोग, ही या रोगाची लक्षणे तर आहेतच. परंतु वैद्यकीय ग्रंथांत त्यांच्याच पंक्तीला आणखी एक लक्षण नोंदलेले असते, ते म्हणजे चिडखोरपणा. हे मूल कोणत्याच गोष्टीत रमत नाही, हसत नाही, सतत कुरकुरते. गहू बंद केल्यावर वजन वाढण्यास काही आठवडे आणि आतडे भरून येण्यास कित्येक महिने लागतात. पण मुलाच्या चेहऱ्यावर हसू येते ते बहुधा त्यापूर्वीच, असा अनेक आयांचा व डॉक्टरांचा अनुभव आहे.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. १९८० पूर्वी पुष्कळ डॉक्टरांचाही तसाच समज होता. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांमध्ये या रोगाचे प्रमाण शंभरात १.२३ तर दक्षिण भारतात शंभरात केवळ ०.१० इतके आढळले. या फरकाचे एक कारण संशोधक असे सुचवितात की उत्तरेकडील ताट गव्हाचे आणि दक्षिणेकडील तांदळाचे. आपल्यासारख्या विखुरलेल्या मराठी समाजाला यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. गोव्यात वा कोकणात पेज-भातावर वाढलेल्या घराण्याची एक शाखा ग्वाल्हेरीस वा इंदुरास गेली, माळव्याच्या गव्हावर रुळली. आणि शरीरात पिढ्यानपिढ्या निजलेला एखादा कल त्या गव्हाने जागा केला, हे अशक्य नाही. शिवाय हा रोग घराण्यात उतरतो. एका मुलास तो निघाला, तर भावंडांची व आईवडिलांचीही रक्ततपासणी करणे इष्ट असते. त्यांना काही त्रास जाणवत नसला तरीही.

येथे एक गोष्ट मातापित्यांनी मनावर कोरून ठेवावी. सीलिअक रोगाचा संशय असेल तर तपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये. रक्तात ज्या खुणा शोधावयाच्या, त्या गहू खात असतानाच उमटतात. आधी गहू सोडला तर त्या पुसट होतात, तपासणी निर्दोष निघते, आणि खरा रोग कायमचा संशयात राहतो. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम उलटू देऊ नये. आणि रोग ठरल्यावर मात्र पथ्य जन्मभराचे असते.

आता दुधाकडे वळू. दुधात जी साखर असते तिला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. ती फोडण्यासाठी लहान आतड्यात एक पाचक द्रव्य असते. तान्हेपणी ते भरपूर असते, कारण तेव्हा दूध हेच अन्न. पुढे जगातील बहुसंख्य माणसांत ते हळूहळू कमी होत जाते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९६५-६६ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की निरनिराळ्या वंशांच्या लोकांत हे प्रमाण फार भिन्न असते. ज्या समाजात पिढ्यानपिढ्या ताजे दूध पिण्याची वहिवाट होती त्यांच्यात हे द्रव्य मोठेपणीही टिकते, इतरांत ते ओसरते. आपल्या देशातही वायव्येकडील लोकांना दूध अधिक पचते, दक्षिणेकडील लोकांना कमी. न पचलेली ही साखर मोठ्या आतड्यात उतरली म्हणजे तेथील जंतू ती आंबवितात. मग वायू धरतो, पोट गुरगुरते, कळा येतात, शौचास पातळ होते.

मुलाच्या वागण्याशी याचा संबंध सरळ आहे. दुग्धशर्करा मेंदूत जाऊन मुलाला खोडकर करते असे नव्हे. सकाळी घाईने पेलाभर दूध पिऊन शाळेत गेलेल्या मुलाच्या पोटात दुसऱ्या तासाला कळा येऊ लागतात; बाईंना सांगण्याची लाज वाटते; शाळेचे शौचालय नकोसे असते; मग ते चुळबुळते, लक्ष देत नाही, बोलणी खाते. प्रगतिपुस्तकात शेरा येतो तो चंचलतेचा. अशा मुलाला सकाळचे दूध संध्याकाळी आणि तेही थोडे, जेवणाबरोबर दिले, तर निम्मा प्रश्न सुटतो.

अर्थात हा ओहोटीचा प्रकार बहुधा चार-पाच वर्षांनंतर दिसू लागतो. तान्ह्या बाळास किंवा दोन वर्षांच्या मुलास दुधाने त्रास झाला तर कारण वेगळे असू शकते. जोराची हगवण होऊन गेल्यावर आतड्याचा वरचा थर काही आठवडे दुबळा राहतो आणि तेवढ्यापुरते दूध सोसत नाही. ते पुढे आपोआप सोसू लागते. किंवा दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, आणि तिला दह्या-ताकाचाही उपयोग नसतो. गाईचे दूध सोडून म्हशीचे देण्यानेही भागत नाही. म्हणून लहान वयात निर्णय डॉक्टरांनीच करावा. आईचे दूध तर कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर तोडू नये.

ज्यांना केवळ दुग्धशर्करा पचत नाही, त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकघराने शोध लागण्यापूर्वीच सोय करून ठेवली आहे. दही लागताना विरजणातील जंतू त्या साखरेचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. श्रीखंडासाठी चक्का टांगला म्हणजे निथळणाऱ्या पाण्याबरोबर आणखी साखर निघून जाते. साजूक तुपात ती जवळजवळ नसतेच. उलट बासुंदी, रबडी आणि खवा यांत दूध आटविल्याने ती साखर दाट होते. एकच दूध श्रीखंडाच्या रूपाने सोसावे आणि पेढ्याच्या रूपाने बाधावे, यात मुलाचे नाटक नसून रसायनशास्त्र असू शकते. दूध कमी केलेच तर त्याची उणीव भरून काढली पाहिजे, हे मात्र विसरू नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. इतक्याच दुधात ते सुमारे एकशेवीस. नाचणीचे आंबील, तिळाची चटणी, मेथी-राजगिऱ्याची भाजी यांनी ही भरपाई पुष्कळ अंशी होते.

तिसरा प्रश्न रंगांचा आणि साखरेचा. सॅन फ्रान्सिस्को येथील ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ साली असे प्रतिपादन केले की अन्नातील कृत्रिम रंग व स्वाद यांमुळे मुले अतिचंचल होतात. १९७५ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेतील हजारो घरांनी आपली स्वयंपाकघरे बदलली. पुढे काटेकोर प्रयोग झाले, तेव्हा त्यांनी सांगितला होता तेवढा परिणाम दिसला नाही. प्रकरण संपले असे वाटत असतानाच २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी तीन वर्षांच्या १५३ व आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही दिवस मुलांना रंगीत पेय दिले, काही दिवस तसेच दिसणारे व लागणारे पण त्या रंगांवाचूनचे; आणि कोणत्या दिवशी कोणते, हे मुलांना, पालकांना वा शिक्षकांना ठाऊक नव्हते. रंग आणि सोडियम बेंझोएट हे परिरक्षक असलेल्या पेयाच्या दिवशी मुलांची चंचलता सरासरीने थोडी वाढलेली आढळली. परिणाम लहान होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. पण तो होता. त्यानंतर युरोपीय संघाने २०१० च्या जुलैपासून अशा सहा रंगांपैकी कोणताही वापरल्यास वेष्टनावर मुलांविषयी इशारा छापणे सक्तीचे केले.

त्या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझीन आणि पाँसो ४आर हे चार रंग आपल्या देशात ठराविक मर्यादेत वापरण्यास परवानगी असलेल्या रंगांत मोडतात. जत्रेतील व शाळेबाहेरच्या गाड्यांवर मात्र ती मर्यादा कोण मोजतो? बेळगावकडील वाचकांना आठवत असेल की मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. त्या बंदीचे कारण वर्तन नव्हते. रोडामाइन-बी सारखे अन्नात कधीच न चालणारे विषारी रंग तपासणीत सापडले होते. तथापि दोन्ही गोष्टींतून बोध एकच निघतो. भडक रंग हे अन्न नव्हे; ते वगळल्याने मुलाच्या पोषणात काडीचीही उणीव येत नाही. गहू-दुधासारखी येथे तपासणीची वाट पाहावी लागत नाही. शिऱ्याला केशर, भाताला हळद आणि सरबताला कोकम असताना बाटलीतील रंगाची गरजही नाही.

साखरेची गोष्ट मात्र वेगळी आहे. गोड खाल्ले की मुले उधळतात, असा समज सर्वत्र आहे. १९९४ व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर अभ्यासांत साखरेचा वागणुकीवर असा परिणाम आढळला नाही. त्याच सुमारास झालेला एक प्रयोग तर फार बोलका आहे. काही आयांना सांगण्यात आले की तुमच्या मुलाला आत्ता साखर दिली आहे. वस्तुतः त्याला साखर दिलीच नव्हती. तरीही त्या आयांना आपले मूल अधिक चंचल वाटले. इतकेच नव्हे तर त्या मुलावर अधिक टीका करू लागल्या, त्याच्या अवतीभवती अधिक राहू लागल्या. लग्नघरात लाडू खाऊन मुले धावतात हे खरे. पण तेथे लाडू नसते तरी ती धावलीच असती. साखर दातांना व वजनाला वाईट आहे, म्हणून ती आवरावी. स्वभावाचा गुन्हा तिच्या माथी मारू नये.

या प्रयोगातून आपण मुख्य धडा घ्यावयाचा तो हा की, डोळ्यांवर विसंबून चालत नाही. अपेक्षा डोळ्यांना फसविते. म्हणून घरी पारख कशी करावी, ते आता सांगतो.

प्रथम इतर कारणे पाहावीत. मुलाची झोप पुरी होते काय? शौचास साफ होते काय? रक्त कमी तर नाही? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील, सहा महिन्यांवरील मुलांपैकी शंभरात ६७ मुले रक्तक्षीण आढळली. रक्तक्षीण मूल थकते, चिडते, त्याचे लक्ष लागत नाही; आणि अन्नाशी त्याचे भांडण नसून अन्नाचीच त्याला उणीव असते. कित्येक घरांत मूल जेवत नाही म्हणून दिवसभर दूध पाजतात. दुधात लोह नाममात्र, पोट मात्र भरते, आणि रक्त आणखी कमी होते. घरात नवे बाळ आले आहे काय, शाळा बदलली आहे काय, हेही विचारावे. या गोष्टींची तपासणी सोडून थेट गव्हा-दुधावर जाऊ नये.

मग एक वही घ्यावी. दोन आठवडे काहीही न बदलता मुलाने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, झोप, शौच, पोटदुखी आणि वागणे यांची रोज दोन-चार ओळींत नोंद ठेवावी. 'आज त्रास दिला' असे न लिहिता 'साडेदहाला पोट धरून बसला, अर्धा तास रडला' असे लिहावे. पुष्कळदा ही वहीच निकाल देते. ज्या पदार्थावर संशय होता तो खाल्ला नाही त्या दिवशीही तेच घडले, असे दिसून येते. संशय टिकला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांच्या सल्ल्याने एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करावा. एका वेळी एकच. फरक पडला तर तेवढ्यावर समाधान न मानता तो पदार्थ पुन्हा सुरू करून पाहावा. बंद केल्यावर बरे वाटले आणि सुरू केल्यावर पुन्हा बिघडले, तरच संशय खरा. ही दुसरी पायरी गाळल्यामुळे कित्येक मुले वर्षानुवर्षे विनाकारण पथ्य करीत राहतात. मात्र ॲलर्जी आणि सीलिअक रोग यांत ही पुन्हा देण्याची परीक्षा घरी करावयाची नसते, हे पुन्हा सांगतो.

रक्ताच्या एकाच थेंबावरून न मानवणाऱ्या शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्यांच्या जाहिराती आजकाल दिसतात. त्यांत रक्तातील ज्या द्रव्याचे मोजमाप होते, त्यावरून आपण तो पदार्थ खात आलो आहोत, एवढेच बहुतांशी कळते. २०११ साली हॉलंड व बेल्जियममधील शंभर मुलांवर झालेल्या आहारप्रयोगातही या मोजमापावरून कोणता पदार्थ मुलाला बाधेल हे ओळखता आले नाही. तेव्हा तो खर्च वाचवावा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे घर. समजा, मुलाला सीलिअक रोग ठरला. गहू गेला, म्हणजे पोळी, रवा, मैदा, शेवया गेल्या. जवही गेला, आणि त्याबरोबर सातूचे पीठ व थालिपिठाची भाजणीही बहुधा गेली. हिंगाच्या डबीवरही लक्ष ठेवावे लागते, कारण बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हे ऐकून आई हताश होते. परंतु ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका ही सारी धान्ये मुलासाठी मोकळी आहेत. आणि आपल्या घरांत एकादशीला जो डबा उघडतो, त्या वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लूटेनचा अंशही नसतो. घरातल्या घरात एकाचे उपवासाचे, एकाचे अळणी, एकाचे कांदा-लसणावाचूनचे, असे करून वाढणे हे मराठी गृहिणीला नवे नाही. ज्या घराने चातुर्मास पाळला, त्याला हे पथ्य पाळता येते.

कसोटी लागते ती मिसळ टाळण्यात. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर त्या ज्वारीत गहू येतो. म्हणून घरी जाते वा छोटी चक्की असल्यास उत्तम, नाही तर तांदूळ-ज्वारीच दळणारी गिरणी शोधावी. पोळपाट-लाटणे आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा. विकतच्या वस्तूंवर 'ग्लूटेनमुक्त' अशी खूण पाहावी. आपल्या कायद्याप्रमाणे अशा वस्तूत किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. आणि आजींची समजूत घालावी लागते. 'एवढासा तुकडा खाल्ला तर काय होतंय?' हा प्रश्न प्रेमातूनच येतो. त्याचे उत्तर आकड्याने द्यावे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेले तरी या रोग्यांच्या आतड्यास इजा होऊ शकते. एका मध्यम पोळीत ते दोन-तीन ग्रॅम असते. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडाही पुरेसा आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. मुलासाठी केळे किंवा पंचामृत आधीच मागून घ्यावे, म्हणजे पूजेच्या गर्दीत नाही म्हणण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

मुलाचे पान वेगळे असले तरी त्याची पंगत वेगळी करू नये. पथ्य असलेल्या मुलाच्या मनाला खरी बोच लागते ती पदार्थाची नव्हे, तर एकटेपणाची. आठवड्यातून काही दिवस सर्वांनीच भाकरी खावी, वाढदिवसाला सर्वांसाठीच तांदळाच्या पिठाचा वा नाचणीचा गोड पदार्थ करावा, शाळेतील बाईंना आधी चिठ्ठी द्यावी. भावंडाला 'त्याच्यामुळे आपल्याला मिळत नाही' असे वाटू देऊ नये. त्यासाठी त्याच्या आवडीचा पदार्थ अधूनमधून वेगळ्या वेळी करावा. मुलालाही त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत कारण सांगावे. 'तू आजारी आहेस' असे न म्हणता 'तुला हे मानवत नाही' असे म्हणावे. आजोबांच्या हरभऱ्याच्या डाळीला जो शब्द लावला, तोच त्याच्या पोळीलाही लावला, तर त्या शब्दाबरोबर घरातील मोठ्या माणसाचा मानही त्याला मिळतो.

आणि पथ्याने पोट बरे झाल्यावरही मूल अधूनमधून हट्ट करील, भांडेल, पळेल, अभ्यास टाळील. तेव्हा पुन्हा नव्या पदार्थाचा शोध घेऊ नये. तो मात्र खरोखरच मुलाचा स्वभाव असतो, आणि त्याला पथ्याची नव्हे, आईबापांच्या सहवासाची गरज असते.